ऑइल कोणतं? आधी शेत किती लांब, ते सांगा

किल्लारीत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, आता मी चालवतो. काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, तर "आण्णा, चांगल्यातलं चांगलं ऑइल द्या, पैशाचं बघू नका." मी विचारतो, "गाडी कोणती?" की गिऱ्हाइकाच्या कपाळावर आठी. ऑइल मागितलं तर ह्यांना गाडी कशाला पाहिजे? परवा एक पोरगा वैतागून म्हणाला, "गाडी दारातच उभी आहे की, बघून घ्या." बघितलं तर आजोबांच्या वेळची स्प्लेंडर, आणि ह्याच्या मोबाईलवर कारच्या फुल्ली सिंथेटिक ऑइलची जाहिरात. तोच डबा पाहिजे म्हणून हटून बसलेला.

महागड्या डब्यावर मला जास्त सुटतं, हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझं मत असं की सगळ्या गाड्यांना चांगलं असं एक ऑइल जगात कुणी बनवलेलं नाही. इंजिन कोणतं, ते कुठं चालतं आणि किती वेळ चालतं, ह्यावर ऑइल ठरतं. आणि आमच्या भागात हे 'कुठं' आणि 'किती वेळ' पुण्या-मुंबईपेक्षा फार निराळं आहे.

किल्लारी म्हटलं की बाहेरचा माणूस भूकंपाचंच विचारतो. तो आजचा विषय नाही, पण ऑइलचा हिशेब करताना त्याला वळसा घालून जाता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, मोठे प्लॉट, घराघरात अंतर. जुनं गाव दगडमातीचं, दाटीवाटीचं होतं. वेशीपासून देवळापर्यंत म्हातारी माणसं चालत जायची. नव्या गावात दुधाची बरणी घेऊन निघालेलं पोरगंसुद्धा किक मारतं. त्यात कितीतरी जणांचं शेत जुन्या गावठाणाच्या अंगाला आणि घर नव्या गावात. सकाळी एक फेरी, भाकरी द्यायला दुसरी, मोटार चालू करायला तिसरी, आणि लाइट गेली म्हणून परत. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची.

इंजिनाला ह्याच्याइतका वाईट वापर दुसरा नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते; तापायच्या आत चावी बंद झाली तर आतल्या थंड भिंतींना धरते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. सोबत थोडं न जळलेलं पेट्रोलही उतरतं. डिसेंबरात अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडून बघा, आतून पिवळट, साईसारखा थर बसलेला दिसेल. गाडीवाला मात्र मीटरकडं बोट दाखवतो : "अजून दोन हजारसुद्धा झाले नाहीत, आण्णा." गाडीच्या पुस्तकात किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात आणि 'जे आधी येईल ते' असंही लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. रोज लातूरला जाऊन येणाऱ्या मास्तरांची गाडी किलोमीटर जास्त मारते, पण तिचं ऑइल ह्या शेतातल्या गाडीपेक्षा चांगल्या अवस्थेत निघतं. चेंबरचा नट काढून दोन्ही ऑइलं शेजारी शेजारी ठेवली की वासावरूनही फरक कळतो. शेतातल्या गाडीच्या ऑइलला पेट्रोलचा दर्प असतो.

ट्रॅक्टरचं तर किलोमीटरशी नातंच नाही. सोयाबीनची रास सुरू झाली की ट्रॅक्टर सकाळपासून एका जागी उभा राहून मळणी यंत्र फिरवतो. दिवसाचे दहा तास धरले, तर अडीचशे तास पंचवीस दिवसांत भरतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना ऑइल बदलायची मुदत साधारण एवढीच दिलेली असते, आणि आमच्याकडे ती एका हंगामात संपते. मालकाच्या डोक्यात मात्र 'पाडव्याला बदललंय' एवढंच. भुसकट तर इतकं उडतं की समोरचा माणूस दिसत नाही. एअर क्लीनरच्या खाली जी ऑइलची वाटी असते, ती अशा दिवसांत रोज संध्याकाळी काढून बघायला पाहिजे. आत गाळ बसला की हवा धुळीसकट इंजिनात जाते, आणि आपल्या पांदणीच्या धुळीतले वाळूचे कण रिंगा नि बोअर खातात. मग गाडी धूर मारायला लागते आणि शिवी बसते ऑइलच्या कंपनीला. हजाराचा डबा नेणाऱ्याला मी एअर फिल्टर कधी बदलला ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, "तो असतो कुठं?"

आता जाड ऑइलचं. जुन्या माणसांचा ठाम समज की ऑइल जेवढं जाड तेवढं भारी. 'चाळीस नंबर' अजूनही नाव घेऊन मागतात. बैलगाडीच्या आसाला हे खरं होतं. तिथं एरंडेलाचं वंगण चिकटून राहायला पाहिजे, ओघळून चालायचं नाही. इंजिनात ऑइल पंपानं ढकललं जातं आणि बारीक भोकांतून वर पोचावं लागतं. सकाळी पहिली किक मारली की वर पोचेपर्यंतचे क्षण हेच झिजेचे, आणि जाड ऑइल पोचायला उशीर लावतं. डब्यावर 10डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यूसोबतचा आकडा थंडीतला : 10डब्ल्यूची परीक्षा उणे 25 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. आमच्याकडे पारा दहाच्या खाली गेला तरी शेकोट्या पेटतात. तेव्हा केवळ थंडीच्या नावानं 0डब्ल्यूचा डबा घ्यायचं किल्लारीला कारण नाही. नव्या कारच्या पुस्तकातच तो सांगितला असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तोच टाकायचा. मागचा आकडा 100 अंशांना तापलेल्या ऑइलच्या जाडीचा. उन्हाळ्यात लातूरचा पारा चाळिशीपार जातो म्हणून लोक हा आकडा वाढवून मागतात. पण पाण्यावर थंड होणारं कारचं इंजिन बाहेर बेचाळीस असो की बावीस, साधारण नव्वद अंशांच्या आसपासच राहतं. ते ज्यांनी बनवलं, त्यांना उन्हाळा माहीत होता.

जाड ऑइलचा एक उपयोग मात्र खरा आहे. जुनी गाडी विकायला काढायची असली की त्यात जाड ऑइल ओततात, म्हणजे चार दिवस धूर कमी दिसतो आणि आवाज दबतो. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यानं काडी काढून ऑइल बोटावर घेऊन बघावं.

काळ्या ऑइलबद्दलही असाच गैरसमज. डिझेल गाडीत ऑइल टाकलं आणि थोड्याच दिवसांत काळं झालं, की लोक डबा घेऊन भांडायला येतात. काजळी धरून ठेवणं हे त्या ऑइलचं काम आहे. ते काळं झालं नाही तर काजळी इंजिनात बसत असणार.

बाईकमध्ये कारचं उरलेलं ऑइल ओतणाऱ्यांची एक जमातच आहे. गियरच्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, इंधन वाचावं म्हणून. ती क्लचच्या प्लेटांना लागली की प्लेटा घसरतात. मागं खताचं पोतं, समोर चढ. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' बघायचं. बिनगियरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला बहुधा 'एमबी' लागतं. डिझेलसाठी एपीआयचं अक्षर 'सी'नं सुरू होतं, पेट्रोलसाठी 'एस'नं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. जास्त राख सोडणारं ऑइल घातलं तर ती तुंबते. तिथं पुस्तकात सांगितलेल्या दर्जाच्या बाहेर जाण्यात शहाणपण नाही.

एवढं बघितलं की कंपनी कोणती हा प्रश्न बराच लहान होतो. सर्वो, मॅक ही सरकारी तेल कंपन्यांची ऑइलं पेट्रोल पंपावर मिळतात. दर्जा तोच लिहिलेला असेल तर मला त्यांत कमीपणा दिसत नाही. साध्या बाईकच्या ऑइलला लिटरमागं चारशेच्या आसपास पडतात, फुल्ली सिंथेटिक हजाराच्या घरात जातं. शेताच्या फेऱ्या मारणाऱ्या जुन्या गाडीत पुस्तकातल्या ग्रेडचं साधं ऑइल दोनदा बदललं तरी हजाराच्या आत बसतं, आणि सिंथेटिक वर्षभर ठेवण्यापेक्षा ते इंजिनाला मानवतं. कारण आत उतरलेलं पाणी नि पेट्रोल कुठल्याही किमतीच्या ऑइलला खराब करतंच.

मग लोक चुकीचं ऑइल का नेतात? त्याचं अर्धं उत्तर आमच्या धंद्यात आहे. काही डब्यांच्या झाकणात किंवा लेबलावर मिस्त्रीसाठी कूपन असतं. स्कॅन केलं की त्याच्या नावावर पैसे किंवा गुण जमा. मिस्त्री गरीब माणूस, त्याचा मला राग नाही. पण 'हेच ऑइल टाका' ह्या सल्ल्यात त्या कूपनाचाही हात असतो, हे गिऱ्हाइकाला माहीत पाहिजे. उरलेलं अर्धं उत्तर कंपन्यांकडं. गाडीचं पुस्तक येतं इंग्रजी नि हिंदीत, आणि घरी गेल्यावर विम्याच्या कागदांसोबत कपाटात पडतं. काही कारमध्ये ऑइलच्या झाकणावरच ग्रेड छापलेली असते. हेच प्रत्येक दुचाकीला आणि ट्रॅक्टरला सक्तीचं का नको? ऑइल भरायच्या तोंडाशी, न पुसणाऱ्या अक्षरांत, मराठीत : ग्रेड, दर्जा, किती मिली, आणि किती किलोमीटर, महिने किंवा तास. टायरमधल्या हवेचा आकडा चेन कव्हरपाशी चिकटवता येतो, तर ऑइलचा का नाही? सरकारनं एवढा एक नियम केला, तर माझ्या दुकानातली निम्मी हुज्जत संपेल.

दुसरी मागणी जळक्या ऑइलबद्दल. गाडीतून निघालेलं ऑइल आमच्याकडं वाया जात नाही, हीच तर अडचण आहे. सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला गवंडी मागतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून नेतात, रानडुकरं येऊ नयेत म्हणून चिंध्या बुडवून बांधावर लावतात. उरलेलं नाल्यात. आणि कुणीतरी ते पिंपानं विकत घेऊन जातं. ते गाळून, रंग मारून पुन्हा नव्या डब्यात येतं का, हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण बनावट ऑइलच्या धाडींच्या बातम्या येतात आणि रिकाम्या डब्याला भंगारात प्लास्टिकपेक्षा जास्त भाव मिळतो, तेव्हा शंका येतेच. म्हणून माझ्या दुकानात ऑइल बदललं की डब्याला गिऱ्हाइकासमोर खिळ्यानं भोक पाडतो. तुम्हीही पाडा, लेबल फाडा, झाकण वेगळं टाका. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडला नसेल तर पैसे देऊ नका.

केंद्राच्या नियमानुसार 1 एप्रिल 2024 पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी आहे. कागदावर चांगली गोष्ट आहे. किल्लारीपर्यंत मात्र अजून कुणी पिंप घेऊन आलेलं नाही; एकेका मिस्त्रीकडं जमतं थोडं, तेवढ्यासाठी गाडी पाठवणं कुणाला परवडत नसेल. तालुक्याच्या ठिकाणी एक संकलन केंद्र आणि महिन्यातून एकदा मोठ्या गावांत फिरणारा टेम्पो, एवढ्यानं भागेल. मिस्त्रीला लिटरमागं चार पैसे दिले, तर तो ते नाल्यात ओतणार नाही आणि पिंपवाल्यालाही विकणार नाही. औशातून टेम्पो सुटला तर पहिला थांबा माझ्या दुकानापुढं ठेवा. दोन झाकणाची पिंपं मागच्या खोलीत रिकामीच आहेत.