लिबिया : तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

८ डिसेंबर २०२४ रोजी बशर अल असद यांनी दमास्कसमधून पळ काढला आणि सीरियातील अर्धशतकाहून अधिक काळची घराणेशाही अवघ्या काही दिवसांत कोसळली. तुरुंगांची दारे उघडली, चौकाचौकांत लोक नाचले आणि पाठोपाठ परदेशी मुत्सद्द्यांची विमाने उतरू लागली. हे दृश्य पाहताना ज्यांना २०११ चा ऑगस्ट महिना आठवला असेल, त्यांच्या आनंदाला शंकेची किनार असणे स्वाभाविक होते. त्या ऑगस्टमध्ये त्रिपोलीतही लोक असेच नाचले होते. सीरियाचे भवितव्य वर्तवण्याचा येथे हेतू नाही. मात्र लिबियाचे काय झाले हे आता पुरेशा अंतरावरून पाहता येते. अर्थशास्त्राच्या अंगाने ते पाहिले, तर सेनापती, टोळ्या आणि शिखर परिषदा यांच्या गर्दीत हरवलेला एक धागा हाती लागतो. हा धागा दरमहाच्या पगाराचा आहे.

आधी घटनाक्रम थोडक्यात. २०११ च्या फेब्रुवारीत बेंगाझीत उठाव झाला. १७ मार्च रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने १९७३ क्रमांकाचा ठराव संमत केला. ठरावाचा शब्दार्थ नागरिकांचे संरक्षण एवढाच होता. नाटोच्या विमानांनी त्याचा भावार्थ सत्तापालट असा लावला. ठरावाच्या बाजूने दहा मते पडली. भारत, चीन, रशिया, ब्राझील व जर्मनी तटस्थ राहिले. भारताची ही तटस्थता त्या वेळी अनेकांना बोटचेपी वाटली. प्रस्तुत लेखकालाही वाटली होती. आज तसे वाटत नाही. बेंगाझीवरील रणगाडे थांबवणे आणि त्रिपोलीतील राजवट उलथून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरीची जबाबदारी घेणाऱ्याने नंतरच्या वर्षांचीही जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती घेण्यास कोणी तयार नव्हते. २० ऑक्टोबर रोजी सिर्त येथे कर्नल गडाफी मारले गेले आणि त्या महिन्याच्या अखेरीस नाटोची मोहीम संपली.

परकीयांनी पाठ फिरवली असा मात्र याचा अर्थ नव्हे. १ सप्टेंबर २०११ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आणि ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी पॅरिसमध्ये लिबियाच्या मित्रराष्ट्रांची परिषद भरवली. गडाफींनी १९६९ साली राजे इद्रिस यांना पदच्युत केले, तोही १ सप्टेंबरच. बेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला मित्र जमले. या मित्रांना कशात रस होता हे समजण्यासाठी गडाफींची राजवट मुळात काय होती ते पाहिले पाहिजे.

आफ्रिकेतील खनिज तेलाचा सर्वांत मोठा ज्ञात साठा लिबियात आहे. सुमारे ४८ अब्ज पिंपे. लोकसंख्या मात्र सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या मुंबई शहराहूनही कमी. १९५९ साली तेल सापडण्यापूर्वी हा जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक होता. १९५१ साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्रिपोलितानिया, सिरेनाइका आणि फेझान या तीन प्रांतांचे ते सैलसर संघराज्य होते. तेलाचा पैसा येऊ लागल्यावर, १९६३ मध्ये, ते संघराज्य मोडून एककेंद्री सत्ता आणली गेली. पैसा एका ठिकाणी जमू लागला की सत्ताही तेथेच जमते. गडाफी यायच्या आधीच ही प्रक्रिया सुरू झाली होती. गडाफींनी तिला तर्कशुद्ध शेवटापर्यंत नेले. त्यांनी संविधान ठेवले नाही, पक्षांवर बंदी घातली आणि लष्करसुद्धा, बंडाच्या भीतीने, जाणूनबुजून दुबळे ठेवले. एकच यंत्रणा धडपणे चालत राहिली : परदेशात तेल विकायचे, रक्कम मध्यवर्ती बँकेत जमा करायची आणि तेथून ती पगार, अनुदाने व कंत्राटे या रूपाने वाटायची. नागरिकांनी कर भरायचा नाही आणि हिशेबही मागायचा नाही, असा हा अलिखित करार होता.

बंडखोरांना जे जिंकता आले ते हेच वाटपयंत्र. आणि बंडखोर हा शब्दही एकवचनी नव्हता. मिस्राताच्या तुकड्या वेगळ्या, झिंतानच्या वेगळ्या, बेंगाझीच्या वेगळ्या. त्रिपोलीत तर वस्तीगणिक सशस्त्र गट उभे राहिले. त्यांना निःशस्त्र करण्याचे सामर्थ्य हंगामी सरकारकडे नव्हते. म्हणून त्यांना पगार देण्यात आला. तात्पुरता म्हणून घेतलेला हा निर्णयच पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ आहे, असे माझे मत आहे. क्रांतिवीर म्हणून नाव नोंदवले की दरमहा रक्कम मिळते हे कळताच, प्रत्यक्ष लढलेल्यांच्या कितीतरी पट नावे यादीवर आली. बंदूक खाली ठेवणाऱ्याचा पगार बंद आणि बाळगणाऱ्याचा चालू, अशी व्यवस्था असेल तर बंदूक कोण खाली ठेवील? सरकारी पगारपत्रकावरील एकूण संख्या वाढत वाढत वीस लाखांवर गेली. सत्तर लाखांच्या देशात वीस लाख सरकारी नोकर! आपल्याकडील एखाद्या कारकुनाला हे ऐकून क्षणभर हेवा वाटेल. पण पुढे याच पगाराची काय किंमत उरली तेही पाहावे.

२०१२ च्या जुलैत निवडणूक झाली. ती बऱ्यापैकी मोकळेपणाने झाली हेही नमूद केले पाहिजे. परंतु २०१४ च्या निवडणुकीनंतर देश दुभंगला. एक विधिमंडळ पूर्वेस तोब्रुक येथे गेले, दुसरे त्रिपोलीत राहिले. पूर्वेकडे खलिफा हफ्तार हे सेनानी पुढे आले. एके काळी गडाफींच्या सैन्यात असलेले हे गृहस्थ १९८७ साली चाडमध्ये कैद झाले होते आणि पुढे सुमारे दोन दशके अमेरिकेत राहिले होते. दोन सरकारे, दोन सैन्ये. तेल मात्र एकाच राष्ट्रीय तेलमहामंडळाच्या नावे विकले जाई आणि पैसा त्रिपोलीतील एकाच मध्यवर्ती बँकेत येई. मार्च २०१४ मध्ये पूर्वेकडील एका गटाने ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाच्या जहाजातून परस्पर तेल विकण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अमेरिकेच्या नौदल कमांडोंनी ते भूमध्य समुद्रात ताब्यात घेऊन परत पाठवले. पाठोपाठ सुरक्षा समितीने अशा विक्रीस बंदी घालणारा ठराव केला.

लिबियाचे कोडे येथे आहे. जगाने तिजोरी एकच राहील अशी दक्षता घेतली. ती कोणाच्या ताब्यात असावी याचा निर्णय मात्र होऊ दिला नाही. त्यामुळे देशाचे रीतसर तुकडे झाले नाहीत आणि एकीकरणही झाले नाही. मध्यवर्ती बँक दोन्ही बाजूंच्या नोकरदारांचे, काही काळ तर परस्परांशी लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांचेही, पगार देत राहिली. उभय पक्षांच्या दारूगोळ्याचा खर्च एकाच खात्यातून निघालेले असे युद्ध इतिहासात फारसे आढळणार नाही.

जो पैसा पगारातून पुरेसा मिळेना तो हुंडणावळीतून काढण्यात आला. सरकारी दर एका डॉलरला सुमारे १.४ दिनार असा होता. २०१७ च्या अखेरीस काळ्या बाजारात तोच डॉलर नऊ दिनारांच्या आसपास विकला जात होता. ज्या व्यापाऱ्याला आयातीचे पतपत्र मिळे, त्याला दहा लाख डॉलर चौदा लाख दिनारांत मिळत. बाजारात त्यांचे नव्वद लाख होत. मग माल आणतो कोण? बंदरात रिकामे कंटेनर उतरवल्याची प्रकरणे उघडकीस आली. कोणाला पतपत्र मिळावे हे ठरवणारे हात बँकेतील अधिकाऱ्याचे असत, आणि त्या अधिकाऱ्याच्या दाराशी कोणत्या टोळीचा पहारा आहे यावर ते हात चालत. इकडे सामान्य माणूस स्वतःच्या खात्यातील पगार रोख मिळावा म्हणून बँकेबाहेर रात्रभर रांगेत उभा असे. शिक्षकाचा पगार कागदावर जमा होई आणि खिशात येत नसे. दुसरीकडे पेट्रोल लिटरला ०.१५ दिनार, म्हणजे जवळजवळ पाण्याहून स्वस्त. त्यामुळे ते ट्युनिशियात, माल्टात आणि वाळवंट ओलांडून दक्षिणेकडे चोरून जाई. गरिबांसाठी म्हणून ठेवलेल्या या अनुदानाने तस्करांची एक पिढी पोसली.

आता मित्रराष्ट्रांकडे वळू. इटलीची एनी कंपनी १९५९ पासून लिबियात आहे आणि २००४ पासून समुद्रतळावरील नळातून लिबियाचा वायू सिसिलीस जातो. साहजिकच इटलीचा ओढा, तेल व वायू यांसाठी आणि निर्वासितांच्या होड्या थोपवण्यासाठी, त्रिपोलीकडे राहिला. फ्रान्सने अधिकृतपणे त्रिपोलीच्या सरकारला मान्यता दिली. पण २०१९ साली हफ्तार यांच्या सैनिकांनी सोडलेल्या छावणीत सापडलेली क्षेपणास्त्रे आपलीच असल्याचे त्याला कबूल करावे लागले. एकाच युरोपीय संघातील ही दोन राष्ट्रे! संयुक्त अरब अमिराती व इजिप्त यांनी हफ्तार यांना पाठबळ दिले, कारण ब्रदरहुडच्या राजकारणाचे त्यांना भय होते. रशियाने भाडोत्री सैनिक धाडले, शिवाय २०१६ पासून पूर्वेकडील समांतर बँकेसाठी आपल्या सरकारी छापखान्यात दिनारच्या नोटा छापून दिल्या. परक्या देशाची नोट छापणे हा हस्तक्षेपाचा एक प्रकार म्हणून पाठ्यपुस्तकात अजून आलेला नाही. तो यावयास हवा.

एप्रिल २०१९ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस देशात हजर असताना, हफ्तार यांनी त्रिपोलीवर चाल केली. त्रिपोली वाचवली ती तुर्कस्तानच्या ड्रोन विमानांनी, आणि त्याची किंमत आधीच ठरली होती. नोव्हेंबर २०१९ च्या करारान्वये त्रिपोलीच्या सरकारने भूमध्य समुद्रातील सागरी सीमा तुर्कस्तानला सोयीची अशी आखून दिली. ग्रीस संतापला, इजिप्तने निषेध केला. लिबियातील संकटग्रस्त सरकारने स्वतःच्या रक्षणासाठी जे विकले ते पूर्व भूमध्य समुद्रातील वायूचे राजकारण बदलणारे होते. दरम्यान शस्त्रबंदीचा ठराव २०११ पासून कायम होता. ती सर्वस्वी निष्प्रभ ठरल्याचे राष्ट्रसंघाच्याच तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये नमूद केले. ऑक्टोबर २०२० च्या युद्धबंदीत परकीय सैनिकांनी तीन महिन्यांत निघून जावे असे ठरले होते. ते गेले नाहीत. २४ डिसेंबर २०२१ ला व्हावयाची निवडणूकही झाली नाही.

या साऱ्या परकीयांना लिबिया जिंकण्याची गरज नव्हती हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या विरोधकाच्या उमेदवाराला एकट्याने तिजोरी मिळू नये, एवढेच प्रत्येकाला पुरेसे होते. एखादा देश सावरण्यास लागणारा खर्च अवाढव्य असतो. तो सावरू न देण्यास काही विमाने, काही हजार सैनिक आणि एखादा राजदूत पुरतो. तेल वाहत राहिले, कंपन्यांची बिले चुकती होत राहिली, मग दोन सरकारांची अडचण तरी कोणाला? म्हणूनच गोंधळ, गोंधळ असे आपण ज्याला म्हणतो, ती पुष्कळांच्या दृष्टीने एक स्थिर व्यवस्था होती.

ती हलली तीही किल्लीवरूनच. ऑगस्ट २०२४ मध्ये, २०११ पासून मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असलेले सादिक अल कबीर यांना त्रिपोलीतून हटवण्यात आले. तत्काळ पूर्वेकडील सत्ताधाऱ्यांनी तेलविहिरी बंद केल्या. बँकेचा प्रमुख बदलल्याने देशाचे तेल थांबते यावरून सत्ता खरोखर कोठे राहते ते कळावे. सप्टेंबरअखेर नव्या गव्हर्नरच्या नावावर तडजोड झाली आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी तेल पुन्हा वाहू लागले. दोन्ही सरकारे आपापल्या जागी राहिली, दोघांचाही खर्च वाढतच गेला. एप्रिल २०२५ मध्ये बँकेने दिनारचे सुमारे १३ टक्के अवमूल्यन केले. दर डॉलरला ५.५७ दिनारांवर गेला. वीस लाख पगारदारांच्या, आणि अन्न-औषधे आयात करणाऱ्या समग्र देशाच्या, खिशातून ती रक्कम एका रात्रीत काढून घेण्यात आली. यासाठी कोणत्याही विधिमंडळात मत घ्यावे लागले नाही.

देर्ना शहराची कथा येथे सांगितलीच पाहिजे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री वादळी पावसाने त्या शहरावरील दोन धरणे फुटली आणि हजारो माणसे झोपेतच समुद्रात वाहून गेली. धरणांची डागडुजी व्हावी म्हणून २०१२ व २०१३ मध्ये तरतूद झाली होती. ती असूनही काम झालेले नाही, अशी नोंद सरकारी लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये केली. २०२२ मध्ये एका लिबियन अभ्यासकाने शोधनिबंध लिहून धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. पैसा होता, ज्ञान होते, लेखापरीक्षणही होते. धरणांकडे कोणते सरकार लक्ष देणार हे मात्र ठरलेले नव्हते; कारण धरणाच्या भिंतीतून कोणालाच पतपत्र निघत नव्हते.

२०२४ मध्ये पूर्वेकडील विधिमंडळाने पुनर्बांधणीसाठी स्वतंत्र निधी उभारला आणि त्याचे प्रमुखपद हफ्तार यांच्या पुत्राकडे सोपवले. देर्ना व बेंगाझी येथे रस्ते, पूल आणि क्रीडांगणे यांची कंत्राटे निघाली. ती घेण्यास इजिप्तच्या कंपन्यांच्या बरोबरीने तुर्कस्तानच्या कंपन्याही आल्या. पाच वर्षांपूर्वी याच सेनानीच्या फौजेवर तुर्की ड्रोनमधून बॉम्ब पडत होते. एप्रिल २०२५ मध्ये हफ्तार यांच्या दुसऱ्या पुत्राचे अंकारात लष्करी इतमामाने स्वागत झाले.