हरलेल्या बाजूचे गद्य

मध्यंतरी ‘राष्ट्र आणि संहिता’ अशा भारदस्त विषयावरच्या एका चर्चासत्राला जाण्याचा योग आला. बीजभाषण करणाऱ्या गृहस्थांनी अमेरिकेच्या संविधाननिर्मितीचा दाखला देत ‘द फेडरलिस्ट’ या निबंधसंग्रहाचा मुक्तकंठाने गौरव केला. जाता जाता त्यांनी असेही सांगून टाकले की, त्या संविधानाचे विरोधक हे आपल्या वेशीपलीकडे पाहू न शकणारे लोक होते. इतिहासाने त्यांना बाजूला सारले ते बरेच झाले. सभागृहात माना डोलल्या. चहाच्या वेळी मी विचारले, ‘सर, त्या विरोधकांचे काही वाचनात आले आहे का?’ ते प्रसन्नपणे हसून म्हणाले, ‘हरलेल्यांचे कोण वाचतो?’

मी राज्यशास्त्राचा नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. पण न वाचता निकाल देणे हा आपल्या शाखेत तरी गुन्हाच मानला पाहिजे. संहितेचा अर्थ तिच्याभोवतीच्या वादांसह लागतो, असे आपण वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. मग एका राष्ट्राची मूळ संहिता वाचताना फक्त विजयी पक्षाचे भाष्य उशाशी घेऊन झोपायचे, हा कुठला न्याय? माझे म्हणणे थोडक्यात असे: बलिष्ठ मध्यवर्ती सत्तेला विरोध करणारे हे लोक मतदानात हरले, परंतु त्या संविधानाच्या ज्या भागाचा आज सर्वाधिक अभिमानाने उल्लेख होतो, तो त्यांच्या हट्टामुळे लिहिला गेला. आणि जिथे ते चुकले, तिथली त्यांची चूकही त्यांना वाचल्याशिवाय कळत नाही.

पार्श्वभूमी प्रथम. इंग्रजांशी लढून स्वतंत्र झालेली १३ राज्ये १७८१ पासून ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या कराराने एकत्र बांधलेली होती. त्या करारानुसार काँग्रेसला कर बसवता येत नव्हता, आणि कराराचा एक शब्द बदलायचा तरी तेराही राज्यांची संमती लागे. युद्धाचे कर्ज थकले होते. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८६-८७ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले. मध्यवर्ती सत्ता सबळ हवी असे म्हणणाऱ्यांची निकड खोटी नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. परंतु १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात जी परिषद भरली, ती जुन्या करारात दुरुस्त्या सुचवण्यासाठी. तिने दारे-खिडक्या लावून घेऊन चार महिन्यांत नवेच संविधान तयार केले, आणि ९ राज्यांनी मान्यता दिली की ते त्या राज्यांपुरते लागू होईल असे त्यातच लिहून ठेवले. ‘तुम्हांला हा अधिकार दिला कोणी?’ हा विरोधकांचा पहिला प्रश्न होता, आणि तो अडाण्याचा प्रश्न नव्हता. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने तर संविधानाच्या पहिल्या तीन शब्दांनाच हात घातला. ‘आम्ही राज्ये’ असे न म्हणता ‘आम्ही लोक’ असे म्हणण्याची मुभा या मंडळींना कोणी दिली, असे त्याने विचारले. सर्वनामामागे कोण उभा आहे, हे विचारणाऱ्याला आपण सहसा समीक्षक म्हणतो.

आता त्यांच्या नावाकडे पाहू. ‘फेडरल’ या शब्दाचा तेव्हाचा रूढ अर्थ राज्यांचा सैलसर संघ मानणारा, असा होता. त्या अर्थाने खरे ‘फेडरल’ विरोधकच. पण राष्ट्रीय सत्तेच्या पुरस्कर्त्यांनी ते नाव आधीच उचलले आणि उरलेल्यांच्या कपाळी ‘अँटी-फेडरलिस्ट’ ही नकाराची चिठ्ठी डकवली. एल्ब्रिज गेरी या विरोधकाने १७८९ च्या काँग्रेसमध्ये यावर कोटी केली होती. वाद खरा अनुमोदनाचा, म्हणजे ‘रॅटिफिकेशन’चा होता, तेव्हा दोन्ही पक्षांना ‘रॅट’ आणि ‘अँटी-रॅट’ म्हणावे, असे तो म्हणाला. उंदीर कोणाच्या वाट्याला येतो हे सांगायला नको. पण कोटी बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच. नाव ज्याने ठेवले त्याने अर्धा वाद जिंकला, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याकडच्या सभागृहातही तेच नाव निकालपत्रासारखे वाचले जाते.

हे लोक लिहीत काय होते? ‘ब्रूटस’ या टोपणनावाने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात १७८७-८८ मध्ये १६ निबंध आले. लेखक नक्की कोण याविषयी अभ्यासकांचे अजून एकमत नाही. एवढ्या अफाट प्रदेशावर एकच प्रजासत्ताक चालवायचे तर प्रतिनिधी लोकांना ओळखणार नाहीत आणि लोक प्रतिनिधींना, हा त्याचा मूळ आक्षेप. पहिल्या प्रतिनिधिगृहात साऱ्या देशासाठी सदस्य होते अवघे ६५. मेलॅन्क्टन स्मिथने न्यूयॉर्कच्या अनुमोदन परिषदेत हाच धागा पुढे नेला: मतदारसंघ जितका मोठा, तितका निवडून येणारा माणूस श्रीमंत आणि नामांकित, मध्यम स्थितीतल्या शेतकऱ्याला तिथे जागा कुठली? मॅसॅच्युसेट्समध्ये एमॉस सिंगलटरी या ग्रामीण प्रतिनिधीने, वकील आणि पैसेवाले मिळून आम्हां लहान माणसांना माशासारखे गिळून टाकतील, अशी धास्ती भर सभेत बोलून दाखवली. वेशीपलीकडे न पाहणारे ते हेच. निवडणूक लढवायला किती पैसा लागतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी सिंगलटरीला हसण्यापूर्वी थोडे थांबावे.

ब्रूटसचे गद्य गद्य म्हणूनही पाहण्यासारखे आहे. अमर्याद करवसुलीच्या अधिकाराविषयी लिहिताना तो त्या अधिकाराला माणसाचे रूप देतो. तो अधिकार घरात शिरतो, तळघर तपासतो, स्वयंपाकघरात आचाऱ्यामागे उभा राहतो, पानावर काय वाढले ते टिपून घेतो आणि शेवटी निजायच्या खोलीपर्यंत पोचतो. सर्वोच्च न्यायालयाविषयी त्याने लिहिले की, संविधानाचा अंतिम अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, ज्यांना कोणी सहजी काढू शकत नाही आणि ज्यांच्यावर कोणी वरिष्ठ नाही, ते न्यायाधीश हळूहळू विधिमंडळाच्या वर जाऊन बसतील. हॅमिल्टनने ‘द फेडरलिस्ट’च्या ७८व्या निबंधात न्यायसंस्था ही तिघांत सर्वांत निरुपद्रवी असल्याचे सांगितले, ते मुख्यतः या आक्षेपाचे उत्तर म्हणूनच वाचले जाते. प्रश्न न वाचता उत्तर पाठ करायचे, याला आपण परीक्षेतही गाईडछाप अभ्यास म्हणतो.

हे सारे लेखन टोपणनावांचे होते: ब्रूटस, केटो, सेंटिनेल, ‘फेडरल फार्मर’. विजयी पक्षाचा ‘पब्लियस’ही टोपणनावच, त्यामागे हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे असे तिघे होते. ‘प्रभाकर’ साप्ताहिकातली लोकहितवादींची पत्रे शिकवणाऱ्यांना हा प्रकार परका वाटू नये. पण टोपणनावाचाही हिशेब सर्वांना सारखा लागत नाही. बोस्टनमध्ये १७८८ साली ‘अ कोलंबियन पेट्रिअट’ या सहीने संविधानाविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका निघाली. ती शतकाहून अधिक काळ एल्ब्रिज गेरीच्या नावावर खपत होती. पुढे विसाव्या शतकात एका पत्रावरून उलगडा झाला की तिची लेखिका मर्सी ओटिस वॉरन, म्हणजे अमेरिकन क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास लिहिणारी नाटककार आणि कवयित्री. हरलेली बाजू, आणि त्यातही बाई. मग विस्मृतीला आणखी कारण काय लागते?

या विरोधाचे फळ काय, ते आता पाहू. परिषद संपत आली असता, १२ सप्टेंबर १७८७ रोजी, व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने हक्कांची सनद जोडण्याची बाजू मांडली. एकाही राज्याचे मत तिच्या बाजूने पडले नाही. पाच दिवसांनी ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असूनही मेसन, गेरी आणि रँडॉल्फ यांनी केली नाही. हॅमिल्टनने तर ८४व्या निबंधात अशी सनद अनावश्यकच नव्हे, घातकही ठरेल असे प्रतिपादन केले. पण राज्याराज्यांत मतदान होऊ लागले तेव्हा पायाखालची वाळू सरकली. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. नॉर्थ कॅरोलायनाने १७८८ साली मान्यताच दिली नाही. ऱ्होड आयलंड १७९० मध्ये दोन मतांच्या फरकाने आत आले. दुरुस्त्यांची मागणी जोडल्याशिवाय ही माळ गुंफली गेली नसती. अखेर ज्या मॅडिसनला सनदेची गरज वाटत नव्हती त्यालाच ती मांडावी लागली, आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी १० दुरुस्त्या संविधानाचा भाग झाल्या. भाषणाचे, मुद्रणाचे, उपासनेचे स्वातंत्र्य तिथे विजेत्यांच्या औदार्यातून आलेले नाही.

आणि तरीही ते पुरते जिंकले नाहीत. दहाव्या दुरुस्तीनुसार, मध्यवर्ती सत्तेला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. विरोधकांना तिथे ‘स्पष्टपणे’ न दिलेले, असे हवे होते. जुन्या करारात तो शब्द होता. १७८९ मध्ये तो घालण्याची सूचना फेटाळली गेली. पुढे १८१९ साली मॅक्युलॉक खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी नेमक्या त्या गाळलेल्या शब्दाकडे बोट दाखवून मध्यवर्ती सत्तेच्या गर्भित अधिकारांना मान्यता दिली. एका क्रियाविशेषणाच्या अनुपस्थितीवर एवढा इमला उभा राहिला. व्याकरणाचा राज्याशी संबंध काय, असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा हे उदाहरण सांगावे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे स्थानिक सत्ता चांगली आणि दूरची वाईट, असेच ना? नाही. इथेच या मंडळींचा खरा दोष आहे आणि तो झाकून त्यांचे कौतुक करणे म्हणजे विजयी वाचनाच्या जागी भाबडे वाचन आणणे होय. स्वातंत्र्याची गर्जना करणारा हेन्री गुलामांचा मालक होता. उद्या काँग्रेस आपले गुलाम मुक्त करील, ही भीती त्याने १७८८ च्या त्याच परिषदेत घातली. मेसनने गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला, पण स्वतःचे गुलाम ठेवूनच. मूळ संविधानही काही पवित्र नव्हते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम तीन-पंचमांश मोजायचा आणि गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, हे त्यातच लिहिलेले आहे. त्या तीन-पंचमांशावर टीका करणाऱ्यांत ब्रूटस होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु मुख्य गोष्ट ही की, विरोधकांनी मागितलेली वेसण फक्त दूरच्या सत्तेसाठी होती. राज्यांनीही विवेक, मुद्रण आणि ज्यूरीचा हक्क मोडू नये, अशी दुरुस्ती मॅडिसनने सुचवली होती. ती सिनेटने गाळली. १८३३ च्या बॅरन खटल्यात न्यायालयाने सांगून टाकले की ही सनद राज्यांना लागूच नाही. जवळच्या सत्तेला वेसण घालणारी चौदावी दुरुस्ती यायला यादवी युद्ध व्हावे लागले आणि १८६८ साल उजाडावे लागले.

मराठी वाचकाला हे कळायला अमेरिकेत जावे लागत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती तिथल्या काळ्या माणसांची दास्यातून मुक्तता केल्याबद्दल. ती मुक्तता मध्यवर्ती सत्तेने राज्यांशी लढून घडवली होती. संविधानाचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगायनावर प्रहार केला आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याचे समाधान व्यक्त केले, ते कोणत्या अनुभवातून, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्याला वेशीवरची सत्ता जवळची कशी वाटावी?

पण त्याच सभागृहात दुसरेही एक गद्य आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले ह. वि. कामत आणीबाणीच्या तरतुदींविरुद्ध एकाकीपणे बोलत राहिले. जर्मनीतल्या वायमार संविधानाचा दाखला त्यांनी दिला. आणीबाणीत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करणारे कलम १९४९ च्या ऑगस्टमध्ये संमत झाले, तेव्हा हा लाजेचा आणि दुःखाचा दिवस आहे असे ते म्हणाले. सूचना पडली, कलम राहिले. १९७५ साली ते वापरले गेले. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क त्याच्या कक्षेतून बाहेर काढला. हरलेला माणूस एकोणतीस वर्षांनी संहितेत शिरला, तो असा.

म्हणून बाबासाहेब की कामत, पब्लियस की ब्रूटस, असा प्रश्नच चुकीचा आहे. एकाला गावातल्या जुलमाचा अनुभव होता, दुसऱ्याला राजधानीतल्या जुलमाची चाहूल होती. सत्ता कुठेही बसो, तिच्यावरची बंधने लेखी हवीत, एवढे शहाणपण दोघांना एकत्र वाचल्याशिवाय हाती लागत नाही. हर्बर्ट स्टोअरिंग या अभ्यासकाने संपादित केलेले अँटी-फेडरलिस्टांचे लेखन १९८१ सालीच सात खंडांत प्रसिद्ध झाले आहे. संविधान सभेच्या चर्चाही छापील आहेत. ‘हरलेल्यांचे कोण वाचतो’ या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर देणे त्यामुळे फारसे अवघड नाही. पुढच्या वर्षी निबंध हा वाङ्मयप्रकार शिकवताना मी एक तास ब्रूटसला आणि एक तास कामतांच्या भाषणाला देणार आहे. अभ्यासक्रमात बसत नाही, हे ठाऊक आहे.