कुलपाला नोंदीची जोड हवी

वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजारपेठेत अलीकडे विजेवर चालणाऱ्या दुचाकी नित्य दिसू लागल्या आहेत. त्यांतील अनेकींवर वाहनक्रमांकाची पाटीच नसते, आणि त्यात बेकायदेशीर असे काही नाही. ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आहे, ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतील अटींनुसार मोटार वाहन मानली जात नाही. साहजिकच तिला नोंदणी नको, चालकाला परवाना नको आणि विम्याची सक्तीही नाही. विक्रेते ही सवलत ठळक अक्षरांत जाहीर करतात. तथापि या सवलतीची दुसरी बाजू गाडी चोरीस गेल्यावरच मालकाच्या ध्यानात येते.

ही वाहने घेणारा वर्ग कोणता, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. शाळेत नुकताच लागलेला शिक्षक, कचेरीतील कारकून, महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी अशांनाच पेट्रोलचा खर्च वाचविण्याची निकड अधिक. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून दरमहा १६ हजार रुपये आहे. पन्नास हजारांच्या आसपासची गाडी म्हणजे त्याची तीन महिन्यांहून अधिक कमाई होय. ती बहुधा हप्त्यांवर घेतलेली असते. गाडी गेली म्हणून हप्ते थांबत नाहीत, आणि विमा उतरविलेला नसल्याने भरपाईही मिळत नाही.

म्हणून पहिले कर्तव्य मालकाचेच, हे निर्विवाद आहे. परंतु कोणते साधन काय करू शकते, याची नेमकी कल्पना हवी. चाकाच्या डिस्कला लावलेले कुलूप गाडी ढकलू देत नाही. दोघांनी ती उचलून टेम्पोत घालायची ठरविले, तर ते निरुपयोगी ठरते. त्यापेक्षा मागचे चाक व सांगाडा या दोहोंतून ओवून खांबाला किंवा जमिनीत रोवलेल्या कडीला बांधलेली जाड साखळी अधिक भरवशाची. गाडी हलताच ओरडणारा भोंगा आणि त्याच वेळी चाकातील मोटार अडविणारी यंत्रणा कित्येक गाड्यांत असते. मात्र हा पहारेकरी सहसा गाडीच्याच बॅटरीवर जगतो. आसनाखालचा मुख्य खटका बंद केला किंवा बॅटरी काढली की तो मुका होतो. मग आसनाचे नाजूक कुलूप एवढाच काय तो अडथळा उरतो. काढता येण्याजोगी बॅटरी घरात वा वर्गात सोबत नेणे, आणि ठावठिकाणा कळविणारे यंत्र बसवायचेच तर स्वतःची वेगळी बॅटरी असलेले, सहज न दिसेल अशा जागी बसविणे, हे शहाणपणाचे.

एवढे केल्यावर प्रश्न सुटला काय? अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, मालकाचा सुटला, गावाचा नव्हे. दिसणारे कुलूप चोराला परावृत्त करते, पण ते बहुतेक वेळा शेजारच्या बिनकुलपी गाडीकडे. याचा अनुभव युरोपने घेतला आहे. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या प्रारंभी नव्या व जुन्या सर्वच मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे झाले आणि चोऱ्या घटल्या. ब्रिटनने १९७१ मध्ये हीच सक्ती केवळ नव्या मोटारींपुरती केली. तेव्हा चोरांनी आपला मोर्चा जुन्या मोटारींकडे वळविला. याउलट दडविलेल्या साधनाचा गुण असा की, ते कोणत्या गाडीत आहे हे चोराला ठाऊक नसल्याने तो सर्वच गाड्यांना बिचकतो. अमेरिकेतील मोटारींत छुपे रेडिओ यंत्र बसविण्याच्या पद्धतीचा अभ्यास करून आयर्स व लेव्हिट या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, त्यापासून समाजाला होणाऱ्या एकूण लाभाचा दहावा हिस्साही यंत्र बसविणाऱ्याच्या पदरात पडत नाही. जेथे लाभ सर्वांचा, तेथे भार एकट्यावर टाकून भागत नाही.

आपल्याकडे या सार्वजनिक बाजूचीच उणीव आहे. पेट्रोलची गाडी चोरीस गेली तर तिचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक व मालकाचे नाव सरकारी दप्तरात असते. जास्त वेगाच्या, हिरव्या पाटीच्या विजेच्या दुचाकींनाही हेच संरक्षण आहे. बिनपाटीची गाडी मात्र दुसऱ्या गावी गेली की कोणाचीही होते. हाती पक्की पावती नसेल, तर पोलिसांना सापडलेली गाडीही आपलीच हे सिद्ध करणे मालकाला जड जाते. त्यातच काही ठिकाणी वेग वाढवून दिला जातो. तसे करताच ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते आणि चोरी झाल्यावर मालकच पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरतो. थोड्या वेगासाठी त्याने आपला हक्क गहाण टाकलेला असतो.

यावर उपाय आपल्या जुन्या व्यवहारातच आहे. एके काळी नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेऊन बिल्ला देत. लोक त्याला कंटाळत, पण त्या पत्र्याच्या तुकड्यामागे एक नोंद असे. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर व रिसोडच्या नगरपरिषदांनी आणि मालेगाव व मानोरा येथील नगरपंचायतींनी कर न आकारता, ऐच्छिक स्वरूपात अशी नोंदवही सुरू करावी. सांगाडा, मोटार व बॅटरी यांचे क्रमांक, पावतीची प्रत आणि मालकाचे नाव एवढाच मजकूर पुरे. विक्रेत्यांनी हे तिन्ही क्रमांक पावतीवर लिहिलेच पाहिजेत, असा आग्रह ग्राहकांनीही धरावा. बस स्थानक, रेल्वे स्थानक व महाविद्यालये यांच्या आवारात साखळी अडकविण्यासाठी लोखंडी दांडे रोवणे हे तर एका दिवसाचे काम आहे.

दुसरी दिशा विक्रीच्या बाजाराची. चोरीला गिऱ्हाईक असते म्हणून चोरी होते. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानदाराने विकणाऱ्याचे नाव व बॅटरीचा क्रमांक लिहून ठेवला, तर चोरट्या मालाची किंमत आपोआप उतरेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसारही गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेमुळे तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊन तीन दिवसांत सही करता येते. ही सोय हाती क्रमांक असेल तरच खरी उपयोगाची.

नोंदीच्या नावाखाली पुन्हा हेलपाटे आणि चिरीमिरी सुरू होईल, ही शंका अनाठायी नाही. म्हणूनच नोंद निःशुल्क, ऐच्छिक व एका खेपेत पुरी होणारी असावी. शासनाने ही वाहने सामान्य माणसाच्या आवाक्यात यावीत म्हणून नियम शिथिल केले, ते योग्यच झाले. परंतु गरिबाला परवान्यातून मोकळे करणे वेगळे आणि त्याच्या मालमत्तेला बेवारस ठेवणे वेगळे. कुलूप प्रत्येकाने आपापले लावावे. कोणाची गाडी कोणती, हे ठाऊक असण्याची जबाबदारी मात्र गावाने उचलली पाहिजे.