फरशी रंगली, शिकवणं बदललं का?

गावच्या जिल्हा परिषद शाळेत अलीकडे गेला असाल तर वर्गातली फरशी पाहिली असेल. अंकांच्या चौकटी, मुळाक्षरं, सापशिडी, गोल-त्रिकोण, सगळं रंगवलेलं. बऱ्याच गावांत या रंगाचे पैसे लोकवर्गणीतून आले. तेव्हा हे कशासाठी केलं, असं विचारायचा तुम्हाला पुरता हक्क आहे.

ही लाट आली ती 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर. त्याआधीच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांचं नाव राज्यभर झालं होतं. तिथल्या तेव्हाच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन वर्गाची रीतच बदलली. मुलं गटागटानं खाली बसून वस्तू हाताळत शिकू लागली. ते पाहायला गावोगावचे गुरुजी तिथे गेले आणि येताना एक जड शब्द घेऊन आले: ज्ञानरचनावाद.

शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. मूल म्हणजे रिकामं पोतं, गुरुजींनी ओतायचं आणि त्यानं भरून घ्यायचं, ही जुनी समजूत. तिच्या जोडीला बक्षीस आणि शिक्षा. अमेरिकेतल्या स्किनरनं उंदीर-कबुतरांवर प्रयोग करून बक्षिसानं सवय कशी लागते ते दाखवलं. (छडीचं खापर मात्र त्याच्यावर फोडू नका, शिक्षेवर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता.) स्वित्झर्लंडच्या पियाजेनं सांगितलं की मूल स्वतः करून, चुकून, ताडून आपली समज बांधत जातं. रशियाच्या व्हिगॉट्स्कीनं त्यात भर घातली: मुलाला आज एकट्याला जमत नाही ते जाणत्याच्या सोबतीनं जमतं, आणि उद्या एकट्यालाही जमतं. नवा खोंड औताला धरताना तुम्ही जोडीला जाणता बैल देता की नाही? तेच हे.

आता याचा वर्गात काय फरक पडतो ते बघा. 42 मधून 17 वजा करायचे. जुन्या रीतीनं गुरुजी फळ्यावर सांगणार: दोनातून सात जात नाहीत, शेजारच्याकडून एक घे, बारा झाले. पोरगं तसं करतं, पण एक घेतला तर बारा कसे झाले हे त्याला कळत नाही. नव्या रीतीत त्याच्यासमोर दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या असतात. सात काढायला सुट्या पुरत नाहीत, म्हणून ते आपणहून एक गठ्ठा सोडतं. सुट्या बारा झाल्या, त्यातून सात काढल्या, राहिल्या पाच. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक काढला, राहिले दोन. पंचवीस! हे एकदा हातानं केलं की मग फळ्यावरचं गणित डोक्यात बसतं. गुरुजींचं काम इथे संपत नाही, उलट वाढतं. कोणतं मूल कुठे अडलं ते टिपायचं, नेमकी तेवढीच मदत करायची आणि वेळेवर हात काढून घ्यायचा. नुसती फरशी रंगवून हे होत नाही. रंगवलेल्या फरशीवर बसवून मुलांकडून पाढे घोकून घेतले, तर पैसा रंगात गेला, दुसरं काय.

हे शिक्षक एकटा टिकवू शकत नाही. आपल्याकडे दिपोटीसाहेबांचा जमाना होता. साहेब यायचे, हजेरीपट बघायचे, शेरा मारायचे, जायचे. बर्न्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं 1978 साली पुढारपणाचे दोन प्रकार सांगितले. एक देण्याघेण्याचा: काम केलंस तर शाबासकी, नाहीतर नोटीस. दुसऱ्यात पुढारी आपल्या माणसांची उमेद आणि समज दोन्ही वाढवतो. आपल्याकडे दहाएक शाळांमागे केंद्रप्रमुख असतो. त्यानं वर्गात बसावं, एखादा धडा स्वतः घेऊन दाखवावा, केंद्राच्या शिक्षण परिषदेत गुरुजींना अडचणी मोकळेपणानं बोलू द्याव्यात, अशी अपेक्षा. प्रत्यक्षात त्याचा किती दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातो, हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना वेगळं सांगायला नको. त्यांचंही तेच चाललंय!

आणि ज्या गुरुजींना धाकात वागवलं जातं, ते वर्गात मुलांना चुकू कसं देतील? साहेब येणार म्हटल्यावर वह्या सुबक हव्यात, मग फळ्यावरून उतरवून घेणं आलंच.

त्यात बदल्या. हाताला वळण लागलेला शिक्षक जातो, नवा येतो, पहिल्यापासून सुरुवात. मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख रीत धरून ठेवणारे असतील तरच ती गावात राहते.

इथे तुमचा हात पोचतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. बहुतेक गावांत बैठकीत बांधकाम, पोषण आहार आणि सह्या एवढंच होतं. सरपंच मंडळी, पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा, गेल्या महिन्यात केंद्रप्रमुख शाळेत आले तेव्हा वर्गात किती वेळ बसले आणि ऑफिसात किती. निपुण भारत योजनेत तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधी गणितं यावीत, असं ठरलंय. त्यासाठी वर्ष धरलंय 2026-27. आपल्या शाळेतली तिसरीची किती पोरं तिथवर पोचली, हा आकडा नावानिशी मागा. आणि एखाद्या दिवशी घरी पोराला काड्या देऊन 42 मधून 17 काढायला सांगा. गठ्ठा कधी सोडतंय ते बघा.