रंगाखालची जखम

माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग आवाज जरा खाली घेऊन तो म्हणाला, ‘‘मामा, तू बँकेत होतास ना, म्हणून विचारतो. एक लाल कॉर्व्हेट मिळतेय. बाजारभावापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के कमी. फक्त टायटलवर सॅल्व्हेजचा शिक्का आहे.’’ त्याचा फोन ठेवतो न ठेवतो तोच पुण्याहून बहिणीचा. ‘‘दादा, तूच समजाव त्याला. माझं काही तो ऐकायचा नाही.’’

बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात माझी हयात गेली. तिथं एक शब्द मी फार जपून ऐकायला शिकलो. तो शब्द म्हणजे ‘फक्त’. ‘साहेब, सगळं क्लिअर आहे, फक्त एका चुलत्याची सही राहिलीय.’ ‘फक्त सातबाऱ्यावर जुना बोजा दिसतोय, पण तो फेडलाय.’ कर्ज बुडतं ते बहुधा या ‘फक्त’च्या पुढं जे असतं त्यातच.

आधी हा शिक्का काय ते पाहू. अमेरिकेत गाडीच्या मालकीच्या कागदाला टायटल म्हणतात आणि तो प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानं देतं. अपघात झाला, पूर आला किंवा गाडी चोरीला गेली की विमा कंपनी हिशेब मांडते. दुरुस्ती परवडत नाही असं दिसलं की ती मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी स्वतःकडं घेते. हाच ‘टोटल लॉस’. मग टायटलवर ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो आणि गाडी लिलावात जाते. ती कुणी तरी घेतो, दुरुस्त करतो, राज्याच्या तपासणीतून पार करतो आणि शिक्का बदलून ‘रिबिल्ट’ होतो. सॅल्व्हेज शिक्क्याची गाडी दुरुस्तीआधी रस्त्यावर आणायला बहुतेक राज्यांत मनाई आहे.

आता हिशेबाची मेख अशी की टोटल लॉस कशाला म्हणायचं हे सगळीकडं सारखं नाही. न्यू यॉर्कमध्ये नुकसान गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की शिक्का बसतो. टेक्ससमध्ये ते किमतीच्या शंभर टक्क्यांच्या पुढं जावं लागतं. म्हणजे तीच ठोकलेली गाडी एका राज्यात कलंकित आणि दुसऱ्यात निष्कलंक. शिवाय शिक्का एवढंच सांगतो की काही तरी घडलं. काय घडलं, किती खोल लागलं, दुरुस्ती कुणी केली, याबद्दल तो मूग गिळून बसतो. गारांनी टप पोचलेली गाडी आणि समोरासमोरच्या टकरीत दुमडलेली गाडी, दोघींवर शिक्का एकच. चोरीला गेलेली गाडी पैसे देऊन झाल्यावर सापडली, तरी तिच्यावरही तो बसू शकतो. म्हणून शिक्का असलेली प्रत्येक गाडी वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण चाळीस टक्के सूट ही विक्रेत्याची मेहेरबानी नसते. जे आपल्याला माहीत नाही, त्याची ती किंमत असते.

स्पोर्ट्‌स कार म्हटली की हे अज्ञान आणखी महाग पडतं. कॉर्व्हेटचंच घ्या. १९५३ सालापासून तिचं बाहेरचं अंग फायबरग्लासचं किंवा तत्सम पदार्थाचं असतं. पत्रा चेमटतो, सुरकुततो, डेंटिंग केलं तरी जाणकाराच्या बोटाला लागतो. फायबरचं तसं नाही. तुटलेला भाग काढून नवा बसवला, वरून लाल रंग मारला की गाडी नवरीसारखी दिसते. आतली धातूची चौकट वाकली असेल तर ती बाहेरून दिसत नाही. चौकटीतला थोडासा फरक बाजारहाट करताना जाणवणार नाही, पण ही गाडी बाजारहाटासाठी कुणी घेत नाही. ती वेगासाठी घेतात, आणि वेगात त्याच फरकानं गाडी एका बाजूला ओढू लागते. टकरीत स्वतः चुरगळून माणसाला वाचवणारे गाडीचे भाग एकदा चुरगळले की त्यांचं काम संपलं. ते ठोकून सरळ केले तर दिसतात पूर्वीसारखे, वागत नाहीत पूर्वीसारखे.

एअरबॅगची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. टकरीत उघडलेली एअरबॅग बदलावी लागते आणि अस्सल भाग महाग असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं जुलै २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की, आधी अपघात झालेल्या काही जुन्या गाड्यांत परदेशी बनावटीचे स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटर बसवलेले आढळले आहेत. आधीच्या नऊ महिन्यांत अशा गाड्यांत तीन माणसं मेली होती आणि दोघं कायमची जायबंदी झाली होती. जे वाचवायचं, त्याचेच धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसले. एरवी त्या अपघातांतून ती बहुधा वाचली असती.

‘‘पण मामा, राज्याची तपासणी होते ना?’’ भाच्यानं विचारलं. होते. पण कशाची होते, ते पाहावं. न्यू यॉर्कमध्ये अशा गाडीची जी खास तपासणी होते ती गाडीला चोरीचे भाग तर लावले नाहीत ना, हे पाहण्यासाठी. गाडी सुरक्षित आहे, असं प्रमाणपत्र ती देत नाही. सरकारी शिक्का म्हणजे सरकारी हमी, हा आपला फार जुना गैरसमज.

पैशाचा हिशेब वेगळाच. पुष्कळ बँका अशा गाडीवर कर्ज देत नाहीत. पुष्कळ विमा कंपन्या दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा देतात, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा द्यायला कां-कूं करतात. विकायला काढली तर घेणाराही तीच चाळीस टक्के सूट मागतो. एका कंपनीनं ज्या गाडीवर पाणी सोडलं, तिच्यावर दुसरी कशाला भरवसा ठेवील?

शिक्का असलेल्या गाडीपेक्षा मला धास्ती वाटते ती शिक्का पुसलेल्या गाडीची. अमेरिकेत याला ‘टायटल वॉशिंग’ म्हणतात. गाडी अशा राज्यात न्यायची की जिथला कायदा ढिला आहे. तिथं नवा कागद काढायचा आणि स्वच्छ होऊन परत यायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानं न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कचा किनारा बुडवला तेव्हा सुमारे अडीच लाख गाड्यांचं नुकसान झाल्याचा अंदाज नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्युरोनं केला होता. नूअर्कच्या बंदरात उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा या भारी किमतीच्या सोळा नव्या गाड्या तर खाऱ्या पाण्यात बुडल्यावर जळून गेल्या. खारं पाणी ओसरतं, पण तारांच्या जोडांत त्याचं काम चालूच राहतं. वादळ आलं की बुडालेल्या गाड्या दूरच्या कोरड्या राज्यांत विकायला निघतात. तिथं पुराची शंका कुणाला येणार?

ही चाल मला अमेरिकेकडून शिकावी लागली नाही. २००६ साली मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. एका होतकरू मुलाला टॅक्सीसाठी जुनी गाडी घ्यायची होती. गाडी मुंबईची, कागद चोख, रंग चकचकीत. कर्जाच्या कागदावर सही माझी. चार महिन्यांनी रात्री पंढरपूरच्या रस्त्यावर वायरिंगनं पेट घेतला. माणसं उतरली म्हणून वाचली. मागून कळलं, ती गाडी २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पावसात बुडाली होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुनी टोटल लॉसची नोंद निघाल्यानं विम्याचा दावाही अडला. गाडी जळाली, पण हप्ते जळत नाहीत. तो मुलगा दर महिन्याला काउंटरवर यायचा, तेव्हा मी मान खाली घालून काही तरी लिहीत बसायचो.

आपल्याकडं तर आरसीवर असा शिक्का मारायची पद्धतच नाही. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं. पण दुरुस्त होऊन धावू लागलेल्या गाडीचा पूर्वेतिहास पुढच्या गिऱ्हाइकाला कागदावर दिसत नाही. त्या मानानं अमेरिकेतला ग्राहक नशीबवान. टायटलची माहिती देशभर एकत्र ठेवण्याची तरतूद तिथं १९९२ च्या कायद्यानं केली, ती सामान्य माणसाला पाहायला मिळाली मात्र २००९ मध्ये.

भाच्याला मी तीनच गोष्टी सांगितल्या. गाडीच्या सतरा अक्षरी नंबरावरून तो इतिहास काढ, पण तो कोरा आला तरी निश्चिंत होऊ नकोस, कारण विम्याकडं न गेलेली टक्कर तिथं नोंदलीच जात नाही. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून चौकट मापून घे आणि एअरबॅग कुठून आणल्या त्याची पावती माग. आणि दुरुस्तीआधीचे, लिलावातले फोटो माग. ज्यानं प्रामाणिकपणे दुरुस्ती केली असेल तो ते अभिमानानं दाखवील.

फोटो मागितल्यावर विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं. बहिणीनं देवाला साखर ठेवली. भाचा महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता. परवा बोलता बोलता तो म्हणाला, ‘‘मामा, ती जाहिरात गेली रे. गाडी कुणी तरी घेतलीच असणार.’’

घेतली असणार. कुणाचा तरी मुलगा किंवा भाचा आज ती चालवत असेल, आणि शेजारच्या आसनावर कुणी तरी बसलंही असेल.