सिद्धगडाची सावली पुन्हा लावता येत नाही

वर्षावन म्हटलं की आपल्याला ॲमेझॉन आठवतं. तिथं आग लागली की आपण हळहळतो. सिद्धगडाचं रान मात्र पावसाळी सहलीपुरतंच ओळखतो. मुरबाड तालुक्यातला हा डोंगर २ जानेवारी १९४३ रोजी तिथं हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्यामुळे परिचित आहे, पण १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्याशी त्याचं रान जोडलेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हे खरं वर्षावन नव्हे, निमसदाहरित जंगल आहे, असं कुणी म्हणेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण म्हणूनच ते जास्त नाजूक आहे. पाऊस चार महिन्यांत कोसळतो, उरलेलं वर्ष कोरडं जातं, आणि कातळावरच्या पातळ मातीत ही झाडं एकमेकांच्या सावलीवर नि कुजलेल्या पाचोळ्यावर तगून राहतात.

‘इथं तोडलं तर दुसरीकडे लावू’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. आंबा, जांभूळ यांच्या बिया वाळल्या की मरतात. त्या मातीत वर्षानुवर्षं वाट पाहत पडून राहत नाहीत. त्यांना लगेच ओल लागते आणि कोवळ्या रोपाला सावली. उतार एकदा उघडा पडला की तिथं गवत माजतं, उन्हाळ्यात वणवा पेटतो, उगवलेली रोपं जळतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा गवतच येतं. शेकरू फांदीवरून फांदीवर जातं, जमिनीवर क्वचितच उतरतं. रस्त्यासाठी झाडांचं छत मध्येच तुटलं, तर पलीकडचं जंगल नकाशावर शाबूत असूनही त्याच्यासाठी ते संपलेलं असतं. पर्यायी वनीकरणाच्या कागदावर रोपांची संख्या भरते. झाडं, सावली आणि प्राणी यांचं हे नातं तिथं कुठल्याच रकान्यात बसत नाही.

जंगल राखण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. महानगर वाढतंय, त्याला धरणं लागणारच. मुंबईला शहापूरचं भातसा पाणी पुरवतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे विसरून चालणार नाही. मुरबाडमधल्या काळू नदीवरच्या धरणाचं काम वनविषयक मंजुरीविना सुरू झालं होतं. २०१२ साली उच्च न्यायालयानं ते थांबवलं. झाडंही पाणी पितात, हे मला मान्य आहे. पण उतारावरचं जंगल मुसळधार पावसाचा मारा अंगावर घेतं, माती धरून ठेवतं. ते गेलं की तीच माती गाळ होऊन धरणात येते. धरणासाठी जंगल बुडवणं म्हणजे पाणी साठवण्याच्या एका व्यवस्थेसाठी दुसरी मोडणं आहे. आधी गळती थांबवा, सांडपाणी शुद्ध करून वापरा, मग नव्या धरणाची गोष्ट काढा.

दुसरा आक्षेप इथल्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या आदिवासी कुटुंबांच्या वतीनं घेतला जातो: संरक्षण आलं की आमच्या वाटा बंद होतात. ही भीती खोटी नाही. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून पुन्हापुन्हा निघाले, त्यांना गावांनी याच धास्तीनं विरोध केला. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या छाटणाऱ्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून घाट वाचणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क आणि त्याबरोबर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो हक्क आधी गावाच्या हाती पडू द्या, जाळपट्टे काढायला आणि वणव्याची राखण करायला मजुरी द्या, आणि त्या पैशाचा एक वाटा हे पाणी पिणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून येऊ द्या.