एक्मोच्या कागदावर सही करण्याआधी

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांनो, हे तुमच्यासाठी.

संसर्गातून सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागलं, आणि व्हेंटिलेटर आणि रक्तदाबाची औषधं पुरेनाशी झाली, की मोठ्या रुग्णालयात ‘एक्मो’चं नाव निघतं. हे यंत्र मिनिटाला साधारण 4 ते 5 लिटर रक्त बाहेर घेतं, त्यात प्राणवायू भरतं आणि परत अंगात सोडतं. जंतू ते मारत नाही. ते काम अँटिबायोटिकचं, आणि कुठे पू साठला असेल तर सर्जनचं. यंत्र फक्त मुदत देतं.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा: थकलंय काय, फुप्फुस की हृदय? बऱ्या होण्याजोग्या न्यूमोनियाने फुप्फुस बंद पडलं असेल तर आशेला जागा आहे. सेप्सिसने हृदयच ढिलं पडलं असेल तरीही आहे. अशा रुग्णांवरचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. एक्मोवरचे 60 टक्के रुग्ण 90 दिवसांनंतर जिवंत होते, एक्मो न लावलेले 25 टक्के. (हा जुन्या नोंदींवरचा अभ्यास होता, त्यामुळे आकडा जपूनच घ्यावा.) पण हृदय जोमाने चालतंय आणि रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे दाब उतरलाय, अशा प्रौढ रुग्णाला या यंत्राचा उपयोग फारसा होत नाही. हे स्पष्ट विचारायला संकोचू नका.

इथे वर्षाकाठी किती जणांना एक्मो लावता, हेही विचारा. सवयीचे हात नसतील तर यंत्र धोक्याचं आहे. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं, त्यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मांडीतून नळी घातली तर पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दुसरीकडे हलवायचं असेल तर लवकर हलवा. जोराच्या व्हेंटिलेटरवर आठवडा उलटला की फायद्याची शक्यता घटते.

खर्च लाखांत जातो. दागिने मोडण्याआधी, शेत गहाण टाकण्याआधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी ऐकून घ्या: किती दिवस वाट पाहायची, आणि काय दिसलं की थांबायचं. वय फार असेल, आधीचा असाध्य आजार असेल, तर नाही म्हणणं म्हणजे आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडणं नव्हे. कुणी तसं बोललं तर मनाला लावून घेऊ नका.

खरं तर बहुतेकांचा जीव यंत्राच्या कितीतरी आधी वाचवता येतो. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यूचा ताप घरोघरी अंगावर काढला जातो. तापात माणूस असंबद्ध बोलू लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि विचारा, ‘हा सेप्सिस तर नाही ना?’